कोळी बरोबर, झाड बरोबर, नोंद चूक

झाडांवर जगणाऱ्या कोळ्यांची मी यादी करते. कोळी म्हणजे इथे भिंतीवर जाळं विणणारा नव्हे, पानावर ठिपक्याएवढा दिसणारा माइट. त्या यादीतली २१४ क्रमांकाची ओळ अशी आहे: टेट्रानिकस लुडेनी (ही कोळ्याची जात), नेचा, पानाची खालची बाजू, ९ माद्या, १ नर.

कोळी मी बरोबर ओळखला होता. नराची स्लाइड आजही पेटीत आहे, कुणीही काढून बघावी. नेचाही बरोबर ओळखला होता, तारीखही खरी. तरी ती ओळ चूक आहे, आणि हे कळायला मला तीन वर्षं लागली.

झालं असं, की काचघरात खालच्या फळीवर नेच्याची कुंडी होती आणि वरच्या फळीवर घेवड्याची. घेवडा पार गेला होता. पानं तांबूस पडलेली, देठांपासून शेंड्यापर्यंत जाळी, आणि शेंड्यावर कोळ्यांचा नुसता गोळा. खाणं संपलं की हे असंच करतात. सगळे वर चढतात, एकमेकांच्या अंगावर गर्दी करतात, मग धाग्याला लोंबतात आणि वारा नेईल तिकडे जातात. वारा नसेल तर सरळ खाली पडतात. खाली माझा नेचा होता. मी पान उलटलं, भिंगात लाल ठिपके चालताना दिसले, ओल्या ब्रशने उचलून ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकले आणि घरी जाईपर्यंत मनात एकच वाक्य घोळत होतं: नवीन होस्ट सापडला! होस्ट म्हणजे कोळी ज्यावर जगतो ते झाड.

वर घेवडा होता ही गोष्ट मी वहीत लिहिलीसुद्धा आहे. पण दुसऱ्या पानावर, दुसऱ्या नमुन्याखाली.

तीन वर्षांनी यादी वाचणाऱ्या एका मैत्रिणीने एका ओळीत विचारलं, "अंडी होती का गं?" वही उघडली. तापमान होतं, वेळ होती, कुंडीचा नंबर होता. अंड्यांबद्दल एक अक्षर नाही. कात नाही, पिल्लं नाहीत, पानावर पांढुरके टिपके पडले होते का, तेही नाही. नऊ प्रौढ माद्या आणि एक नर, बस. घरटं नसलेलं हे बिऱ्हाड बघून तेव्हाच शंका यायला हवी होती.

तोवर ती ओळ माझ्या यादीतून आणखी दोन याद्यांत गेली होती. मी दुरुस्ती कळवली. एकीतून ती काढली गेली. दुसरीत ती अजून आहे, आणि आता तिसरीकडे तिथून उचललेली दिसते. तिथे माझं नावही गळालंय, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

वनस्पतींवर जगणाऱ्या कोळ्यांची यादी म्हणजे तसं बघितलं तर दोन रकाने. डावीकडे कोळी, उजवीकडे झाड. मधे एक न लिहिलेला शब्द असतो: 'वर'. लुडेनी नेच्यावर. आता हा 'वर' मराठीत किती सैल आहे बघा. पक्षी तारेवर असतो आणि वाळवी लाकडावर असते, शब्द तोच. नोंद करणाऱ्याला कधी 'सापडला' म्हणायचं असतं, कधी 'खातो', कधी 'पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वाढतो'. यादीत हे सगळे एकाच रांगेत, एकाच टायपात बसतात. पुस्तकी मराठीत झाडाला यजमान वनस्पती म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही, या पाहुण्यांना कुणी बोलावलेलं नसतं. आम्ही सगळे बोलताना होस्टच म्हणतो.

२१४ नंतर मी रकाने वाढवले. अंडी. पिल्लं. कात. नुकसानीची खूण. शेजारी काय होतं. शेवटचा रकाना सगळ्यात उशिरा आला आणि सगळ्यात उपयोगी पडतो. अंडी, सहा पायांची पिल्लं, त्यानंतरच्या आठ पायांच्या दोन अवस्था आणि प्रौढ, हे सगळं एकाच पानावर असलं, आणि मधेमधे काचेसारख्या पांढऱ्या काती चिकटलेल्या असल्या, तर ते घर. नुसते प्रौढ असले तर ती धर्मशाळा असू शकते. आता मी अशा नोंदी काढून टाकत नाही, पण त्यांच्यापुढे 'सापडला' एवढंच लिहिते. अशा 'सापडला' नोंदी माझ्या यादीत एकूण नोंदींच्या जवळपास एक तृतीयांश निघाल्या. तो दिवस चांगला गेला नाही.

ओळखण्याचं काम कसं चालतं हे एकदा सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की लाल दिसला की लाल कोळी. टेट्रानिकस वंशातल्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. जात ठरते नरावरून, आणि नराच्याही एका अवयवावरून: जननेंद्रियाच्या टोकाचा बाजूने दिसणारा आकार. नर साधारण ०.३ मिलिमीटर, मागे निमुळता, पाय लांब. त्याच्या त्या हुकासारख्या अवयवाचं, म्हणजे आकड्याचं, टोक मायक्रॉनांत मोजायचं. टेट्रानिकस अर्टिकीमधे टोकाला लहानशी गाठ असते आणि गाठीला दोन्ही बाजूंना बारीक कोपरे. जवळच्या जातींमधे हेच कोपरे थोडे लांब, थोडे बोथट, थोडे वर झुकलेले.

म्हणजे नर स्लाइडवर कुशीवर झोपायला हवा, आणि तो झोपत नाही. पाठीवर किंवा पोटावर पडतो, आणि तसा पडला की आकडा समोरून दिसतो, म्हणजे दिसतच नाही. नमुना काचेवर बसवायला मी हॉयरचं माध्यम नावाचा चिकट द्रव वापरते: ५० मिली ऊर्ध्वपातित पाणी, ३० ग्रॅम अरबी डिंक, २०० ग्रॅम क्लोरल हायड्रेट, २० मिली ग्लिसरीन, याच क्रमाने. एक थेंब काचेवर, त्यात नर, वर गोल कव्हरस्लिप. मग सूक्ष्मदर्शकातून बघत बघत सुईच्या टोकाने कव्हरस्लिपच्या कडेला स्पर्श करायचा. ढकलायचं नाही, फक्त स्पर्श. कव्हरस्लिप केसभर सरकते, खाली नर लाटण्याखालच्या गोळीसारखा लोळतो. जास्त सरकली तर तो पालथा होतो, आणि उलटं सरकवलं की परत उताणा. एकदा मात्र असा क्षण येतो की चारही पाय एका बाजूला एकावर एक दिसतात आणि मागच्या टोकातून तो आकडा स्पष्ट, पाण्यात काढलेल्या रेघेसारखा उभा राहतो. तिथे हात काढून घ्यायचा. श्वाससुद्धा जपून. मग स्लाइड ४५ अंशांवर आठवडाभर ओव्हनमधे, नंतर कडेने वार्निश, म्हणजे हवेतली ओल आत शिरत नाही. वार्निश आळसाने राहिलं तर काही वर्षांत त्याच स्लाइडवर हवेचे बुडबुडे आणि स्फटिक. माझ्या पेटीत अशा आळसाच्या सव्वीस स्लाइड्स आहेत.

नमुन्यात नर नसेल तर? मग प्रामाणिकपणे 'टेट्रानिकस, जात अनिश्चित' लिहायचं. जुन्या कितीतरी नोंदी नुसत्या माद्यांवरून केलेल्या आहेत, हे स्लाइड बघितल्यावर कळतं. छापील ओळ बघून कळत नाही.

झाडाचा रकाना मला सुरुवातीला सोपा वाटायचा. झाड केवढं, कोळी केवढा! पण झाडांची नावं बदलतात. टोमॅटोला लिनियसने १७५३ साली सोलॅनम लायकोपर्सिकम म्हटलं, १७६८ साली मिलरने लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम केलं, आता पुन्हा सोलॅनममधे परत. यादी करणाऱ्याने लक्ष दिलं नाही तर एका टोमॅटोचे दोन होस्ट होतात आणि कोळी फुकटात जास्त खादाड ठरतो. बाभळीचं तर विचारूच नका. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाकडे गेलं, आणि बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया. त्या आठवड्यात मी बदललेल्या ओळींमधे कोळी जागचा हललासुद्धा नव्हता. आणि ज्या नोंदीत नुसतं 'अकेशिया, जात अनिश्चित' लिहिलंय, तिचं काय करायचं? ती तशीच ठेवलीय. बाभूळ की खैर की तिसरंच काही, हे त्या माणसालाच माहीत होतं.

शोभेच्या झाडांवर कुंडीवाल्याने चिकटवलेलं नाव जसंच्या तसं उतरवलेल्या नोंदी हा एक वेगळा विषय आहे. त्यावर लिहायला बसले तर रागावून लिहीन, म्हणून सोडते.

कोळ्यांची नावं तर झाडांच्याही पुढची. पॅनोनिकस अल्माय १८३६ साली कोखने नाव दिलेला. अल्मस म्हणजे एल्म वृक्ष. प्रत्यक्षात जगभर तो कुप्रसिद्ध आहे सफरचंदासाठी. ऑलिगोनिकस कॉफी १८६१ साली निटनरने तेव्हाच्या सिलोनमधल्या कॉफीवरून वर्णन केला, आणि आज त्याला ओळखतात चहाचा लाल कोळी म्हणून. कोखचाच टेट्रानिकस अर्टिकी, तोही १८३६ चा. अर्टिका म्हणजे खाजरं नेटल. त्या एका झाडाचं नाव लावून फिरणारा हा कोळी १४० च्या वर कुळांतल्या १,१०० पेक्षा जास्त वनस्पतींवर नोंदला गेलाय. नाव म्हणजे पहिल्या भेटीचा पत्ता, कायमचा नव्हे.

याच अर्टिकीला शंभर-सव्वाशे वर्षांत लोकांनी नवा समजून डझनावारी नावं दिली. १९५०च्या दशकातले लेख चाळताना 'टेट्रानिकस टेलॅरियस' दिसलं की बहुतेक वेळा तो हाच असतो. पण 'बहुतेक' हा शब्द रकान्यात बसत नाही. टेलॅरियस हे नाव लिनियसचं, १७५८ चं, आणि ते नेमकं कोणत्या कोळ्याला दिलं यावर पुढे बराच घोळ झाला.

जाती एकत्र होणं आणि जाती फुटणं, हे दोन्ही या यादीने भोगलंय. दोन्ही सारखं अवघड असेल असं वाटतं. नाही.

एकत्र होणं सोपं. टेट्रानिकस सिनाबॅरिनस नावाचा लाल कोळी कितीतरी वर्षं वेगळी जात म्हणून याद्यांत होता. १८६७ साली बुआदुव्हालने नाव दिलेला. हिरवट तो अर्टिकी, लाल तो सिनाबॅरिनस, अशी वाटणी. पुढे संकराचे प्रयोग, आकारांची मापं, डीएनए, सगळं तपासून दोन्ही एकच जात आहेत असं मांडलं गेलं. माझं काम काय? लाल कोळ्याच्या सगळ्या ओळी उचलून अर्टिकीखाली नेल्या, दोन्हीकडे असलेली झाडं एकदाच ठेवली, मूळ नाव कंसात टाकलं. दोन दिवसांचं काम. बेरीजच ती.

फुटणं म्हणजे वाटणी, आणि वाटणीची भांडणं कुठल्या घरात सुखाने मिटलीत? ब्रेव्हिपॅल्पस फीनिसिस हा चपटा कोळी, जाळं न करणारा, पानावर धुळीच्या कणासारखा सावकाश चालणारा. १९३९ साली वर्णन झालेला. लिंबूवर्गीय फळझाडांपासून पपईपर्यंत त्याच्या होस्टची लांबलचक यादी होती. २०१५ साली चौघा संशोधकांनी जगभरचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघितले आणि त्या एका नावाखाली आठ जाती असल्याचं दाखवलं. पाठीवरच्या जाळीदार नक्षीचे, मादीच्या शुक्रकोशाच्या आकाराचे फरक. आता माझ्याकडच्या जुन्या नोंदी, 'फीनिसिस, पपईवर', या आठांपैकी कुणाच्या? ओळीत याचं उत्तर नाही. स्लाइडमधे आहे, पण स्लाइड कुठे आहे? काहींच्या स्लाइड पेटीत मिळाल्या, त्या पुन्हा बघितल्या. काहींच्या सापडल्या पण बुडबुड्यांनी भरलेल्या. बाकीच्यांपुढे मी 'फीनिसिस, जुन्या अर्थाने' लिहून ठेवलंय. त्या आठांपैकी कोण लिंबूवर्गीय झाडांना लेप्रोसिस नावाच्या रोगाचे विषाणू देतो हे बागायतदाराला कळायला हवं असतं, आणि नेमकं तिथेच जुनी यादी मुकी आहे.

म्हणून नवीन कुणी शिकायला आलं की मी स्लाइडचा नंबर नसलेली ओळ घेत नाही. मग ते कितीही नाराज होवोत.

चार पायांच्या कोळ्यांचं जग वेगळंच आहे. कोळ्यांना मराठीत अष्टपाद म्हणतात खरं, पण एरिओफाइड कोळ्यांना आयुष्यभर चारच पाय. जेमतेम ०.२ मिलिमीटर, गाजरासारखं अंग, साध्या भिंगात दिसलाच तर पिवळट रेघ. यांच्यातले ८० टक्के एकाच जातीच्या झाडावर नोंदलेले आहेत. तिथे झाड ओळखण्यात चूक झाली की कोळी ओळखण्यातही झालीच, कारण झाडाचं नाव हीच अर्धी ओळख. कित्येकांच्या नावातही झाडच बसलंय, अॅसेरिया मँजिफेरी आंब्यावरचा, अॅसेरिया लिची लिचीवरचा.

लिचीच्या पानाखाली हा कोळी असला की तपकिरी मखमल उगवते. खरोखर मखमल, बोट फिरवावंसं वाटतं. ती पानानेच वाढवलेल्या केसांची असते, कोळ्याच्या लाळेमुळे. जुन्या काळी अशा मखमलीला लोक बुरशी समजत. पर्सूनने तर एरिनियम असा बुरशीचा वंशच केला होता. आत कोळी आहेत हे कळल्यावर वंश गेला, शब्द राहिला. आजही त्या मखमलीला एरिनियमच म्हणतात.

एकाच झाडाशी निष्ठा हा नियम मानला तर जे अपवाद दिसतात त्यांच्याकडे जरा संशयाने बघावं लागतं. अबाकेरस हिस्ट्रिक्स हा गवतांवरचा कोळी कितीतरी गवतांवर नोंदला होता. मग दोन गवतांवरचे कोळी एकमेकांशी जुळवून बघितले तर त्यांची संतती होईना. २००९ साली राय-गवतावरच्याला अबाकेरस लोलाय असं वेगळं नाव मिळालं. म्हणजे लांब यादी दिसली की दोन शक्यता: कोळी खरंच सर्वभक्षी आहे, किंवा एका नावाखाली बरेच जण बसलेत. अर्टिकीचे हजारावर होस्ट बघताना हा विचार माझ्या मनातून जात नाही, जरी तो खरोखरच काहीही खातो हे मी बशीत बघितलंय.

या लोकांचा इतिहास किती जुना? इटलीच्या डोलोमाइट डोंगरांतल्या अंबराचे सुमारे ७०,००० थेंब तपासून २०१२ साली त्यात दोन कोळी सापडल्याचं प्रसिद्ध झालं, वय सुमारे २३ कोटी वर्षं. दोघेही आजच्या, झाडांवर गाठी उठवणाऱ्या कोळ्यांचे नातेवाईक. तेव्हा फुलझाडं अजून यायची होती. झाड म्हणजे सूचिपर्णी वृक्षांचं एक कुळ, आता नामशेष. ही माझ्या मते सगळ्यात पक्की होस्ट-नोंद: कोळी त्या झाडाच्याच राळेत चिकटलेला. त्या नोंदीत अंडी नाहीत हे मला दिसतंय, पण तिथे मी भांडायला जाणार नाही.

आता या आठवड्याचं काम. एका पाकिटातून पानं आलीत, पुन्हा नेचाच. पाठवणाऱ्याने शेजारी काय होतं तेही लिहिलंय: काही नाही, उघडी जागा. पानाखाली सात लाल माद्या. नर नाही. अंडी? दोन गोल कण दिसले, पण ते नेच्याचे बीजाणू नाहीत याची खात्री भिंगाने होईना, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेईपर्यंत ते पडून गेले.

म्हणून दोन बश्या मांडल्या. दोन्हींत ओला कापूस, एकीवर घेवड्याचं पान, दुसरीवर नेच्याचं, दोन्ही पानं खालची बाजू वर करून. घेवड्यावर तीन माद्या सोडल्या, नेच्यावर चार. या कोळ्यांत फळलेल्या अंड्यांतून मादी होते आणि न फळलेल्यांतून नर, त्यामुळे मादी कशीही असली तरी नर मिळण्याची आशा असते. २५ अंशांना अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण दहा दिवस. घेवड्याची बशी कोळ्याचं नाव सांगेल. नेच्याची बशी 'वर' म्हणजे काय ते सांगेल.

आज सहावा दिवस. घेवड्यावर अंडी मोजायची सोडून दिली, शिरांच्या कडेने माळच लागलीय, आणि पहिली सहा पायांची पिल्लं फिरतायत. नेच्यावर एक मादी पानावर आहे. दोन कापसात उतरून बुडाल्या, एक सापडत नाही. पानाच्या मधल्या शिरेजवळ तीन अंडी आहेत, या वेळी नक्की अंडीच. वहीत लिहिलंय.

२१४ क्रमांकाच्या ओळीपुढे पेन्सिलीने 'सापडला' लिहिलेलं आहे. ते अजून खोडलेलं नाही.